थंडी वाजते म्हणजे नेमकी कुठे वाजते?



आपल्या भाषेत भूक लागते, तहान लागते, झोप येते, पण थंडी मात्र 'वाजते'. दात वाजतात म्हणून असेल कदाचित. पण वाजते म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो हा, की ती वाजते कुठे? बोटांत? कातडीत? हाडांत? की डोक्यात? या साध्या प्रश्नाचं उत्तर शोधायला शास्त्रज्ञांना दीडशे वर्षं लागली, आणि ते उत्तर अजूनही पुरतं संपलेलं नाही. त्या दीडशे वर्षांत बरीच शरीरं खर्ची पडली. काही राजीखुशीनं, बरीचशी जबरदस्तीनं. आजचा भाग त्या इतिहासाचा आहे. मध्ये एक फार क्लेशदायक प्रकरण येणार आहे, तेव्हा शेजारी लहान मुलं असतील तर इयरफोन लावलेले बरे.

हा विषय घ्यायचं एक कारण तुम्हीच आहात. दिवाळी सरली की मला ठरावीक मेसेज यायला लागतात. "हिमालयात ट्रेकला चाललोय, सोबत थोडी ब्रँडी ठेवू का? अंगात ऊब राहते म्हणतात." दर वर्षी कोणी ना कोणी विचारतंच. उत्तर एका शब्दात देता येतं: नको. पण 'नको' का, हे सांगायचं तर मला तुम्हाला १८५१ सालच्या पॅरिसमध्ये न्यावं लागेल, एका सशाकडे.

त्या सशावर प्रयोग करणाऱ्या माणसाचं नाव क्लोद बेर्नार. आधुनिक शरीरशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत याचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शरीराच्या आत स्वतःचं एक हवामान असतं, बाहेर काहीही होवो, आतलं हवामान सांभाळलं जातं, ही कल्पना त्याचीच. तेव्हाचा समज असा होता की चेतातंतू शरीराला ऊब पुरवतात. मग बेर्नारनं सरळ हिशोब केला: सशाच्या मानेतून एका बाजूला वर जाणारा चेतातंतू कापला, तर त्या बाजूचा कान गार पडायला हवा. त्यानं तो कापला. कान गार पडला नाही. उलट लालबुंद झाला, त्यातल्या रक्तवाहिन्या टम्म फुगल्या, आणि हाताला सहज कळावं इतका तो गरम झाला. एकाच सशाचा एक कान तापलेला आणि दुसरा नेहमीसारखा.

पुढच्या वर्षी ब्राउन-सेकार नावाच्या शास्त्रज्ञानं अमेरिकेत, फिलाडेल्फियाला, पुढची पायरी गाठली. कापलेल्या तंतूच्या डोक्याकडच्या टोकाला त्यानं विजेचा हलका प्रवाह दिला. कान पुन्हा फिका पडला, गार झाला. बेर्नारही स्वतंत्रपणे तिथंच पोचला. याचा अर्थ काय झाला? त्या तंतूतून ऊब जात नव्हतीच. जात होता तो एक हुकूम, रात्रंदिवस चालू असलेला: "आवळून धर." तंतू कापला की हुकूम थांबतो, रक्तवाहिनी सैल पडते आणि गरम रक्त कातडीपर्यंत धावतं. विजेनं पुन्हा हुकूम दिला की नळ बंद.

ज्यांच्या गावाला कालव्याचं पाणी आहे त्यांना हे लगेच कळेल. पाटाला पाणी कमी असलं की पाटकरी काय करतो? टेलच्या शेतांची दारं आधी बंद करतो. टेलवाला शेतकरी ओरडत बसतो, पण वरचं पिण्याचं पाणी राखायचं असतं. थंडीत आपल्या अंगात हेच होतं. हृदय, फुफ्फुसं, मेंदू ही वरची गावं. बोटं, कानाच्या पाळ्या, नाकाचं टोक ही टेलची शेतं. कडक उन्हाळ्यात कातडीतून मिनिटाला सहा-सात लिटर रक्त वाहू शकतं, आणि हाडं गोठवणाऱ्या गारठ्यात तेच जवळपास बंद होतं. हा पाटकरी म्हणजे अनुकंपी चेतासंस्था, तीच ती, घाबरल्यावर छातीत धडधड करणारी. तिच्या तंतूंच्या टोकांतून जे रसायन सुटतं ते नॉरॲड्रेनलिन. ते नेमकं हेच आहे हे स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलरनं १९४६ मध्ये दाखवलं आणि १९७० मध्ये त्याला नोबेल मिळालं. बेर्नारच्या सशापासून तिथवर यायला जवळजवळ एक शतक गेलं.

आता ब्रँडी. दारू पोटात गेली की कातडीतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, म्हणजे पाटकऱ्यानं मोठ्या कष्टानं बंद केलेली दारं तुम्ही उघडता. गरम रक्त गालांत आणि बोटांत येतं, आणि थंडी-गरमी ओळखणारे तंतू तिथंच, कातडीत असतात, म्हणून छान ऊब वाटते. ती ऊब आतल्या साठ्यातली असते, आणि ती आता तंबूबाहेर चाललेली असते. शिवाय दारूनं थरथर मंदावते आणि डोकं चालेनासं होतं. बर्फात रुतलेल्या प्रवाशाकडे गळ्यात ब्रँडीचं पिंप अडकवून धावत येणारा सेंट बर्नार्ड कुत्रा तुम्ही कार्टूनमध्ये पाहिला असेल. ते पिंप लँडसिअर नावाच्या इंग्रज चित्रकारानं १८२० सालच्या एका चित्रात रंगवलं आणि तिथून ते जगभर पसरलं. म्हणजे तुमच्या ट्रेकच्या बॅगेतल्या बाटलीचा उगम वैद्यकात नाही, चित्रकलेत आहे.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट, जी शरीरशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात सहसा नसते. बेर्नारचे प्रयोग जिवंत प्राण्यांवर चालत. त्याची बायको फॅनी हिच्या हुंड्याच्या पैशांवर त्याची सुरुवातीची वर्षं निभावली, आणि तिलाच हे प्रयोग असह्य होते. शेवटी दोघं वेगळे झाले. फॅनी आणि मुलींनी पुढे भटक्या कुत्र्या-मांजरांचा सांभाळ केला. त्या सशाशिवाय हे सगळं कळायला किती वर्षं लागली असती कोण जाणे, हे मी मान्य करतो. पण फॅनीचं म्हणणंही मला वेडगळ वाटत नाही. हे ज्ञान कोणाच्या अंगावर शिकलं गेलं, हा प्रश्न तिनं सगळ्यांत आधी आणि स्वतःच्या घरात विचारला.

तर पाटकरी सापडला. पण पाटकऱ्याला हुकूम कोण देतं? कचेरी कुठे आहे?

१८८५ च्या सुमारास बर्लिनमध्ये आरोनझोन आणि झाक्स हे वैद्यकाचे दोन विद्यार्थी सशाच्या मेंदूत सुई खुपसून बघत होते. खोलवर एका ठरावीक जागी सुई टोचली की सशाला ताप चढे. जंतू नाहीत, जखम चिघळलेली नाही, नुसती सुई, आणि ताप कितीतरी वेळ टिकून राही. याला तेव्हा 'उष्णतेची टोचणी' असं नावच पडलं. म्हणजे तापमानाचा काटा मेंदूत कुठेतरी होता आणि तो सुईनं हलत होता. मग १९१२ मध्ये इझेनश्मिट आणि क्रेल यांनी दाखवलं की मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस, ज्याला मराठीत अधश्चेतक म्हणतात, तो बाकी शरीरापासून तोडला तर ससा आपलं तापमान सांभाळूच शकत नाही. खोली गार तर ससा गार, खोली गरम तर ससा गरम, एखाद्या पालीसारखा. जेमतेम चार ग्रॅमचा हा अवयव. सोन्याच्या लहानशा अंगठीएवढं वजन.

त्याच वर्षी हेन्री बार्बर नावाच्या अमेरिकन संशोधकानं जे केलं ते मला या सगळ्यात सर्वांत हुशारीचं वाटतं. त्यानं सशाच्या मेंदूत खोलवर बारीक नळी बसवली आणि तिच्यातून कधी गार, कधी गरम पाणी फिरवलं. खोलीचं तापमान तेच, कातडी तशीच. मेंदूतून गार पाणी फिरलं की ससा कुडकुडायला लागे आणि त्याच्या अंगाचं तापमान वर चढे. गरम पाणी फिरलं की तापमान उतरे. कचेरीला फसवलं होतं बघा. फ्रिजमधला तापमान मोजणारा भाग चिमटीत धरून तापवला तर फ्रिज उगाच चालूच राहील, तसं. पुढे १९३० च्या दशकात शिकागोला रॅन्सन आणि मॅगून यांनी मेंदूतल्या नेमक्या जागेवर उपकरण रोखून पत्ता आणखी पक्का केला: हायपोथॅलॅमसचा पुढचा भाग.

या कचेरीतून थंडीत जे हुकूम सुटतात ते तुम्ही रोज अनुभवता. आधी कातडीतली दारं बंद होतात. मग अंगावर काटा येतो. केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू केस उभे करतात. मांजराला याचा उपयोग आहे, कारण फुगलेल्या केसांत हवा अडकते. आपण ते केस कधीच गमावले, हुकूम मात्र अजून निघतो. आणि तेवढ्यानं भागलं नाही तर हुडहुडी. हुडहुडी म्हणजे अशक्तपणा असं आपण मानतो, पण ती मेंदूनं स्नायूंना लावलेली मजुरी आहे: काही उचलू नका, कुठे जाऊ नका, नुसते जळा आणि ऊब तयार करा. या मजुरीनं अंगातली उष्णता नेहमीच्या चार-पाच पट वाढू शकते. दात वाजतात ते त्यातलेच, जबड्याचे स्नायू. हुडहुडी भरलेला माणूस अजून लढतोय. ट्रेकवर काळजी करायची ती कुडकुडणारा मित्र अजूनही गारठलेला असताना अचानक शांत होतो तेव्हा. आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात, आणि ३०-३२ च्या आसपास थरथर बंद पडते. तोवर सरपण संपलेलं असतं.

आता कचेरीला बातमी कोण देतं? स्वीडनमध्ये उप्साला इथं मॅग्नस ब्लिक्सनं १८८२-८३ मध्ये स्वतःच्या कातडीवर बारीक टोकानं ठिपका-ठिपका तपासत हे शोधलं की काही ठिपके फक्त गार ओळखतात, काही फक्त गरम. तुम्हीही करून बघा. बॉलपेनचं धातूचं टोक फ्रिजमध्ये गार करा आणि हाताच्या मागच्या बाजूला हळूहळू फिरवा. मध्येच एखाद्या जागी चटकन गार लागेल आणि शेजारी काहीच नाही.

आणि मग मेंथॉल. पेपरमिंटची गोळी तोंडात टाकून श्वास आत ओढला की हिवाळा आत शिरतो. मसाला पानातही तेच. बर्फ तर कुठेच नाही, मग गार कसं लागतं? १८८६ मध्ये गोल्डशायडर या जर्मन डॉक्टरनं सांगितलं होतं की मेंथॉल कातडी गार करत नाही, ते गारवा ओळखणाऱ्या चेतातंतूंनाच छेडतं. १९५१ मध्ये हेन्झेल आणि झॉटरमन यांनी तंतूतले विजेचे ठोके मोजून तेच दाखवलं. २००२ मध्ये डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांच्या दोन वेगवेगळ्या गटांनी तंतूच्या टोकावरचं ते एक प्रथिन शोधून काढलं, टीआरपीएम८ नावाचं. गारव्यानं उघडतं तेच, मेंथॉलनंही उघडतं. २०२१ चं नोबेल या दोघांना मिळालं. मेंथॉल म्हणजे गारव्याचा खोटा शिक्का मारलेलं पत्र, आणि कचेरी ते खरं धरून चालते.

आता आइसबाथच्या रील्सबद्दल दोन वाक्यं बोलतोच, नाहीतर खाली कमेंट येतील. बर्फाच्या पाण्यात अचानक उडी मारली की हेच कातडीचे तंतू सगळे एकदम ओरडतात आणि श्वास आपोआप खोल आत खेचला जातो. नाकातोंडावर पाणी असेल त्या क्षणी, तर ते फुफ्फुसात जातं. गार पाण्यातले कित्येक मृत्यू पहिल्या काही मिनिटांत होतात ते यामुळे. गारठून मरायला त्याहून खूप जास्त वेळ लागतो. एकट्यानं, तळ्यात, मोबाइल समोर लावून हे करू नका.

तर पाटकरी कळला, कचेरी कळली, बातमीदार कळले. पण कचेरीच गारठली तर? यासाठी ससा उपयोगाचा नाही, कारण तो सांगू शकत नाही. माणूस हवा.

केंब्रिजमध्ये जोसेफ बारक्रॉफ्ट नावाचे प्राध्यापक होते. रक्त आणि श्वास यांवरचं त्यांचं काम जगप्रसिद्ध आहे, आणि स्वतःवर प्रयोग करण्याची त्यांना खोडच होती. १९३० च्या आसपास, साठीला टेकलेले असताना, ते गार खोलीत अंगावर एकही कपडा न घेता पडून राहिले. सुरुवातीला व्हायचं तेच झालं: कुडकुडणं, पाय पोटाशी घेणं, थंडीची सतत जाणीव. मग एक क्षण असा आला की त्यांनी पाय लांब केले. थंडी गेली. छान ऊब वाटायला लागली, कोवळ्या उन्हात पडल्यासारखी. आणि आणखी एक गोष्ट गेली, ती त्यांनी नंतर फार प्रामाणिकपणे लिहून ठेवली. खोलीत कोणी परकं माणूस आलं तर काय, ही जी नग्न माणसाला स्वाभाविक धाकधूक असते, तीही गेली. लाजच उरली नाही. खोली तेवढीच गार होती आणि ते तेवढेच गारठत होते. फक्त बजावून सांगणारं आत कोणी उरलं नव्हतं.

मला हे वाचताना सशाच्या सगळ्या प्रयोगांपेक्षा जास्त भीती वाटली. कारण १९७९ मध्ये स्वीडनमधल्या गारठून मेलेल्या ३३ जणांच्या नोंदी तपासून एक शोधनिबंध निघाला. ही माणसं सापडली होती ती अंगावरचे कपडे स्वतःच उतरवलेल्या अवस्थेत. याआधी पोलिसांना अशा प्रकारात गुन्ह्याचा संशय येई. एक स्पष्टीकरण असं की बराच वेळ आवळून धरलेल्या रक्तवाहिन्यांचे स्नायू थकतात, दारं एकदम सुटतात, उरलंसुरलं गरम रक्त कातडीत येतं, आणि गोठणाऱ्या माणसाला उकडायला लागतं. म्हणून ट्रेकवर कोणी जॅकेट काढून "आता बरं वाटतंय" म्हणालं तर त्याच्या शब्दावर जाऊ नका.

बारक्रॉफ्ट दार उघडून बाहेर येऊ शकत होते. आता ज्यांना ते दार नव्हतं त्यांच्याबद्दल.

ऑगस्ट १९४२ ते मे १९४३. जर्मनीतली दाखाऊ छळछावणी. जर्मन हवाई दलाचे वैमानिक गार समुद्रात पडून मरत होते, म्हणून झिगमुंड राशर नावाच्या डॉक्टरनं कैद्यांना बर्फाच्या पाण्याच्या टाक्यांत बुडवायला सुरुवात केली. काहींना उड्डाणाच्या गणवेशात, काहींना उघडं. काहींना रात्री बाहेर बर्फात ठेवलं. सुमारे ३०० माणसं. त्यांतली ८० ते ९० मेली. युद्धानंतर न्युरेंबर्गला डॉक्टरांवर खटला चालला आणि १९४७ च्या निकालपत्रातून न्युरेंबर्ग संहिता आली, जिचं पहिलंच कलम हे की माणसाच्या राजीखुशीच्या संमतीशिवाय त्याच्यावर प्रयोग नाही. आज एखाद्या लशीच्या चाचणीत तुमच्याकडून संमतिपत्रावर सही घेतात, त्या कागदाच्या मागे या टाक्या आहेत.

राशर स्वतः खटल्यापर्यंत पोचला नाही. त्याच्याच लोकांनी १९४५ मध्ये त्याला गोळी घातली. पण त्याचे आकडे मागे उरले, आणि १९८० च्या दशकात अमेरिकेत मोठा वाद झाला: हे आकडे वापरावेत का? गारठलेल्या माणसांवर संशोधन करणाऱ्या मिनेसोटाच्या रॉबर्ट पोझोस यांचं म्हणणं होतं की त्यातून कोणाचा जीव वाचणार असेल तर बघायला हवेत. दुसरी बाजू म्हणत होती, हातही लावू नका. १९९० मध्ये बॉस्टनचे शल्यचिकित्सक रॉबर्ट बर्गर यांनी तो सगळा पुरावा बारकाईनं तपासला आणि निष्कर्ष काढला की हे विज्ञानच नाही. कैद्यांचं वय नाही, प्रकृती नाही, ते किती उपाशी होते त्याची नोंद नाही, एका ठिकाणचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही, आणि राशर हा पक्का लबाड होता. छावणीतल्या उपाशी, घाबरलेल्या माणसाचं शरीर थंडीशी कसं झुंजतं यावरून धडधाकट वैमानिकाबद्दल काय कळणार? मला बर्गर यांचं म्हणणं पटतं, पण त्यात एक धोकाही दिसतो. समजा आकडे चोख असते तर? तर काय, वापरायचे? तो प्रश्न बर्गर यांच्या निबंधानं मिटत नाही, फक्त टळतो.

आणि या गोष्टीचं शेपूट आपल्या घरापर्यंत आलं आहे. थिओडोर बेंझिंगर हा जर्मन हवाई दलातला वैद्यकीय संशोधक. युद्धानंतर त्याला न्युरेंबर्गला अटकेत ठेवलं होतं, पण खटला न चालवताच सोडलं. १९४७ मध्ये अमेरिकेनं त्याला आपल्याकडे नेलं. तिथं बेथेस्डाच्या नौदल संशोधन संस्थेत त्यानं माणसाच्या कानाच्या पडद्याजवळ तापमान मोजायची पद्धत काढली, कारण तिथलं रक्त मेंदूतल्या कचेरीला सगळ्यांत जवळचं. १९५९ मध्ये त्यानं गरम खोलीत बसवलेल्या माणसाला बर्फ खायला दिला. कातडी तापलेली, तरी घाम थांबला. म्हणजे घामाच्या बाबतीत कचेरी स्वतःच्या रक्ताचं ऐकते. थंडीत मात्र उलटं दिसलं: कुडकुडायचं की नाही हे ठरवताना ती कातडीच्या बातमीदारांना मोठं वजन देते. धोका आत पोचेपर्यंत थांबायचं नाही, वेशीवरच्या निरोपावर हालचाल करायची. २००८ मध्ये नाकामुरा आणि मॉरिसन यांनी उंदरांमध्ये कातडीपासून कचेरीपर्यंतची ती वाट टप्प्याटप्प्यानं शोधून काढली. चांगलं काम होतं बेंझिंगरचं. कानात घालायचे थर्मामीटर असतात ना, त्यांची कुळी त्याच्यापर्यंत जाते. या माणसाबद्दल काय वाटून घ्यावं हे मी तुमच्यावर सोडतो.

एवढं सगळं ऐकून वाटेल की थंडी हा हिमालयाचा, युरोपचा विषय आहे. थंडीचा सगळ्यांत मोठा बळी मात्र उबदार गावातही असतो, आणि तो कुडकुडू शकत नाही.

नवजात बाळ. आईच्या पोटात ३७ अंश, आणि बाहेर ओल्या अंगानं येतं ते २५ अंशांच्या खोलीत. तुम्हाला-मला ती खोली छान वाटते. उघड्या बाळाला ३२ ते ३४ अंश लागतात. अंगाच्या मानानं त्याची कातडी फार मोठी, चरबी थोडी, आणि हुडहुडी जवळपास नाहीच. मग त्याची कचेरी काय करते? तिच्याकडे वेगळी शेगडी असते: तपकिरी चरबी, मानेभोवती आणि खांद्यांच्या मध्ये. तिच्यात अनुकंपी तंतू शिरलेले असतात. हुकूम आला, नॉरॲड्रेनलिन सुटलं, की ही चरबी काहीही हालचाल न करता जळते आणि ऊब देते. १५५१ मध्येच कॉनराड गेसनर या स्विस निसर्ग अभ्यासकानं मार्मोट नावाच्या प्राण्यात ती पाहून ठेवली होती, मांसही नव्हे आणि चरबीही नव्हे असं काहीतरी म्हणून. मोठ्या माणसांत ती उरत नाही असंच बराच काळ मानलं जाई. २००९ मध्ये एकाच अंकात आलेल्या तीन शोधनिबंधांनी दाखवलं की कित्येक मोठ्यांच्या मानेत, गळपट्टीच्या हाडावर ती असते आणि गारव्यात जागी होते.

पण दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची ही शेगडी नीट भरलेलीच नसते. ते बाळ गार पडतं, गार पडलं की दूध ओढत नाही, दूध नाही म्हणजे सरपण नाही, आणि आणखी गार पडतं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९० च्या दशकात ३९ गावांत जे केलं त्यात हा मुद्दा होता. गावातल्याच बायकांना शिकवलं, त्या आरोग्यदूत झाल्या. बाळाचं वजन, श्वास, ताप आणि हो, गारपणासुद्धा त्या घरी जाऊन तपासत. बाळ लगेच पुसायचं, आंघोळीची घाई करायची नाही, डोकं झाकायचं, आईच्या अंगाशी ठेवायचं, लहान बाळाला उबदार पिशवीत गुंडाळायचं. जंतुसंसर्ग ओळखून त्यावरचे उपचारही होते. सगळं मिळून नवजात बालमृत्यू तिसऱ्या वर्षापर्यंत शेजारच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटले. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं, आणि २०११ पासून देशभरच्या आशाताई याच धर्तीवर घरी येऊन बाळ बघतात.

तुमच्या घरी किंवा शेजारी अशात बाळ झालं असेल तर आशाताई आल्यावर नीट बघा. ती थर्मामीटर लावते ते फक्त तापासाठी नाही. काटा ३६.५ च्या खाली असेल तर बाळ गारठतंय, मग खोलीत तुम्हाला कितीही उकडत असो. ती बाळाच्या पोटाला हात लावते, मग तळपायाला. पोट गरम आणि पाय गार असतील तर पाटकऱ्यानं टेलची दारं बंद केलीत, अजून वेळ आहे, बाळाला आईच्या छातीशी घ्या. पोटही गार लागलं तर थांबू नका, दवाखाना गाठा.

पुढच्या भागात याच्या उलटं: उष्माघात. तोवर ट्रेकला जाणाऱ्यांनी कोरडे मोजे जास्त घ्या आणि बाटलीत पाणी भरा. भेटू.